फिरतीमीमांसा

प्रस्तावना

पाल अंगावर कुठे पडली असता कोणते फळ मिळते, हे सांगणारे शास्त्र आपल्याकडे आहे. त्याला पल्लीपतन म्हणतात आणि ते पंचांगात छापून येते. घोड्याच्या अंगावरचे कोणते भोवरे शुभ आणि कोणते अशुभ, याचेही शास्त्र आहे. मात्र परगावच्या लॉजमध्ये पाल भिंतीवर असून अजून पडलेली नसताना नोकरदार माणसाने कोणत्या कुशीवर निजावे, याबद्दल आपले सर्व शास्त्रकार मौन बाळगून आहेत. कारण उघड आहे. शास्त्रकार घरी बसून लिहीत. फिरतीची नोकरी त्यांना नव्हती.

ही उणीव भरून काढण्याचा अधिकार आम्हांला कसा पोचतो, तेही सांगून टाकतो. १९८८ ते २०१९ अशी ३१ वर्षे आम्ही एका औषध कंपनीचे प्रतिनिधी होतो. संसदेने १९७६ साली आमच्या जमातीसाठी स्वतंत्र कायदा करून आम्हांला 'सेल्स प्रमोशन एम्प्लॉयी' असे भारदस्त नाव दिले. लोक 'एमआर' म्हणतात. दवाखान्याच्या बाकावर तासभर ताटकळलेले पेशंट 'हे मधेच घुसणारे' म्हणतात. तिन्ही नावे आम्ही सारख्याच निष्ठेने वागवली.

या ग्रंथाचे हस्तलिखित वाचून दाखवत असताना आमच्या सौभाग्यवतींनी गवार मोडता मोडता जे शेरे मारले, ते 'टीकाकार' या नावाने जागोजागी दिले आहेत. टीकाकारांचे आणि आमचे एकमत झाल्याचे उदाहरण ग्रंथात नाही.

परिभाषा

फिरतीची गावे तीन प्रकारची. नेमणूक असते ते 'हेडक्वार्टर'. आमचे कोल्हापूर. सकाळी जाऊन रात्री परतता येते ते 'एक्स-स्टेशन', जसे इचलकरंजी, गडहिंग्लज, मिरज. मुक्काम पडतो ते 'आउटस्टेशन', जसे कणकवली, सावंतवाडी, रत्नागिरी. तिन्हींचे भत्ते वेगळे आणि उत्तरोत्तर चढते. यावरून पहिला सिद्धांत निघतो: घरापासून लांब असण्याला किंमत आहे, ती रुपयांत ठरलेली आहे, आणि ती त्या दिवशीच्या खर्चापेक्षा नेहमी थोडी कमी आहे.

टीकाकार: "आणि मागे घरी राहणाऱ्याचा भत्ता?"

हा प्रश्न विषयाबाहेरचा म्हणून तूर्त बाजूला ठेवला आहे.

पूर्वसूरी

कोणतेही शास्त्र जुने असल्याशिवाय खरे वाटत नाही, म्हणून थोडा इतिहास. चक्रधरस्वामी ज्या ज्या गावी राहिले, तिथल्या स्थानांची नोंद महानुभावांनी स्थानपोथीत करून ठेवली आहे. गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ, त्याचे दार कोणीकडे, सगळे टिपलेले. त्यातला भक्तीचा भाग भक्तांचा. पण मुक्कामाच्या जागेचे दार पूर्वेला की पश्चिमेला हे लिहून ठेवणे किती अगत्याचे आहे, ते ज्याला रात्री दोन वाजता अनोळखी खोलीत अंधारात मोरी शोधावी लागली आहे, त्यालाच कळेल.

दुसरे पूर्वसूरी वरसईचे विष्णुभट गोडसे. घरच्या कर्जापायी दक्षिणा मिळवावी म्हणून ते उत्तर हिंदुस्थानात निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीच्या वेढ्यात अडकले, वाटेत लुटले गेले. परतताना मिळकत फारशी राहिली नाही, पण गंगेची कावड मात्र त्यांनी खांद्यावरून घरी आणली. कामासाठी घराबाहेर पडलेल्या माणसाचे मराठीत याहून मोठे उदाहरण नाही. प्रवास १८५७ चा, आणि 'माझा प्रवास' छापून आला १९०७ साली. मध्ये ५० वर्षे गेली. आमचे टीए बिल याहून लवकर मंजूर होई, हे कंपनीवर कितीही राग असला तरी मान्य केले पाहिजे.

आधुनिक काळात एक विलक्षण योग दिसतो. डेक्कन क्वीन सुरू झाली १ जून १९३० रोजी. एसटीची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला सुटली १ जून १९४८ रोजी. आणि ज्या मुलांच्या आईबापांना तारीख ठाऊक नव्हती, अशा किती तरी मुलांची जन्मतारीख शाळामास्तरांनी दाखल्यावर १ जून अशीच लिहिली. म्हणजे मराठी माणूस जगात येतो तो १ जूनला आणि गावाबाहेर पडतो तोही १ जूनला. पुढचे चार महिने घाटात दरडी कोसळणार, हे त्याला दोन्ही वेळा कुणी सांगत नाही.

रुमालाधिकार

एसटीच्या खिडकीतून आत टाकलेला रुमाल हा स्थावर मालमत्तेवरचा ताबा आहे. कायद्याच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख नसला तरी कोल्हापूरच्या स्टँडवर तो सर्वमान्य आहे. या अधिकाराची चढती भाजणी अशी: रुमालाहून पिशवी बलवान, पिशवीहून खिडकीतून आत सोडलेले पोर बलवान, आणि या सर्वांहून बलवान ती म्हातारी, जी आपला रुमाल उचलते, त्यानेच सीट पुसते, घडी घालून आपल्या हातात देते आणि बसते. तिच्यापुढे अपील नाही.

नवशिका प्रतिनिधी इस्त्रीचा पांढरा रुमाल टाकतो. जाणता माणूस एक रुमाल केवळ टाकण्यासाठी बाळगतो. आमचा तसा एक रुमाल गगनबावड्यामार्गे २२ वर्षे धावला. त्याने घाम कधी पाहिला नाही.

लॉजकांड

लॉजच्या नोंदवहीत तीन रकाने असतात: कोठून आला, कोठे जाणार, येण्याचे कारण. यांची उत्तरे शोधण्यात ऋषिमुनींनी हयाती घालवल्या. आम्ही ती दर महिन्याला काउंटरला दोरीने बांधलेल्या पेनाने अर्ध्या मिनिटात लिहीत असू: कोल्हापूर, सावंतवाडी, कंपनी काम.

खोलीत शिरल्यावर प्रथम बटणांचा अभ्यास करावा. एका पट्टीवर आठ बटणे असतात. एक दिव्याचे, एक पंख्याचे, एक गिझरचे (गिझर नसला तरी असते), एक बाहेरच्या बोळातल्या दिव्याचे, आणि बाकीची कशाची हे लॉज बांधणाऱ्यालाही ठाऊक नसते. रात्री हात आपण होऊन भिंतीवर जातो, पण तो कालच्या गावच्या भिंतीवर जातो. शरीर कणकवलीत असते, हात अजून सावंतवाडीत असतो. हात शरीराच्या एक मुक्काम मागून येतो, हा आमचा दुसरा सिद्धांत.

गरम पाणी सकाळी सहा ते आठ. पावणेसहाला ते थंड असते, सहाला येते, आणि सव्वासहाला वरच्या मजल्यावरचा बँकेचा तपासनीस उठतो. मग जे मिळते ती अर्धी बादली. अर्ध्या बादलीत अंघोळ करण्याची रीत नवख्याने अवश्य शिकावी: अर्धे पाणी साबण लावण्याआधी, अर्धे नंतर, आणि मगाला तडा असल्याने गळणारे कुणाच्याच हिशेबात नाही.

आता या ग्रंथातला सर्वांत महत्त्वाचा सिद्धांत, ज्याला आम्ही खुंटीचा सिद्धांत म्हणतो. परगावी वस्तू विसरण्याचे खापर लोक वयावर, घाईवर किंवा बायकोच्या फोनवर फोडतात. हे अशास्त्रीय आहे. ओला टॉवेल, बनियन आणि छत्री या वस्तू दारामागच्या खुंटीवर टांगलेल्या असतात. दार उघडल्याशिवाय खोलीबाहेर पडता येत नाही, आणि दार उघडले की खुंटी दाराआड जाते. म्हणजे विसरणे हा माणसाचा दोष नसून सुताराची रचना आहे. या सिद्धांतापोटी आम्ही ३१ वर्षांत किती टॉवेल ठेवून आलो, याचा आकडा टीकाकारांकडे आहे. तो आम्ही मागितलेला नाही.

पण याच सिद्धांतातून फिरतीला सरावणे म्हणजे काय, याची कसोटी हाती आली. पहिल्या वर्षी गेलेला टॉवेल गेला तो गेलाच. पाचव्या वर्षी कुडाळात लॉजच्या पायऱ्या चढतो न चढतो तोच मॅनेजर काउंटरखालून घडी काढून म्हणाला, "साहेब, गेल्या टायमाक तुमचो टॉवेल ऱ्हवलेलो." धुऊन ठेवला होता. ज्या गावात आपली विसरलेली वस्तू आपली वाट पाहते, ते गाव परके राहिले नाही असे समजावे. त्या दिवशी आम्ही नोंदवहीत 'येण्याचे कारण' या रकान्यात 'टॉवेल' लिहिणार होतो. मॅनेजर बघत होता म्हणून राहिले.

निद्राविचार

परक्या जागी झोप लागत नाही, हे आपल्या आज्या सांगत आल्या. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली त्याला पुरावा जोडला. अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही. तो पहाऱ्यावर राहतो, बारीक आवाजालाही दचकतो. डॉल्फिन अर्धा मेंदू जागा ठेवून झोपतात, त्यातलाच हा प्रकार. दुसऱ्या मुक्कामापासून पहारा उठतो.

आता हे आमच्या टूर प्रोग्रॅमला लावून पाहा. सोमवारी कणकवली, मंगळवारी कुडाळ, बुधवारी सावंतवाडी. दर रात्र ही पहिलीच रात्र. म्हणजे मंगळवारपासून गुरुवारपर्यंत आम्ही पहाऱ्यावरचा अर्धा मेंदू घेऊन डॉक्टरांना अँटिबायोटिकचे गुण सांगत होतो. डॉक्टरही रात्रपाळी करून बसलेले असत. दोन अर्ध्यांचे मिळून एक पुरे संभाषण होई, आणि औषध खपे.

दिवसाचा अहवाल, म्हणजे डीसीआर, आम्ही रात्री लॉजच्या पलंगावर पालथे पडून लिहीत असू. त्यात डॉक्टर किती भेटले, केमिस्ट किती भेटले, ऑर्डर किती मिळाली, हे भरायचे असे. तो जाग्या अर्ध्याने लिहिला की स्वप्न पाहणाऱ्या अर्ध्याने, हा वाद पुढे येणारच आहे.

फेसभूगोल

शाळेच्या नकाशात महाराष्ट्राचे भाग पावसावरून पाडलेले असतात. फिरतीवरच्या माणसाने ते साबणाच्या फेसावरून पाडावेत. सह्याद्रीच्या पूर्वेला काळ्या बेसाल्टच्या भेगांतून वर काढलेले बोअरचे पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमने जड झालेले असते. त्यात साबणाचा फेस होत नाही, पांढरट साका होतो आणि तो कानामागे जाऊन बसतो. घाट उतरून कोकणात गेले की जांभ्या दगडातून झिरपलेले हलके पाणी लागते. तिथे फेस एवढा होतो की अर्ध्या बादलीत तो अंगावरून उतरत नाही, आणि माणूस बुळबुळीत स्थितीतच डॉक्टरांसमोर जातो. सबब, जतमध्ये साबण दुप्पट लावावा आणि सावंतवाडीत नुसता दाखवावा. या शास्त्रात पारंगत झालेला माणूस डोळ्यांत साबण गेलेला असतानाही आपण घाटाच्या कोणत्या अंगाला आहोत ते सांगू शकतो. अनेकदा तेवढ्यावरच आम्हांला वार कळलेला आहे.

आहार

याविषयी विस्तार करत नाही. ज्या खानावळीच्या पाटीवर 'घरगुती' लिहिलेले असते, तिथे त्या घरातली माणसे जेवत नाहीत, एवढेच सूत्र पुरे.

टीकाकार: "लसणाच्या चटणीची बाटली दर सोमवारी बॅगेत कोण भरत होतं, ते लिहा की."

लिहिले.

संभाषणाचे अर्थशास्त्र

आमच्या तरुणपणी फिरतीवरून घरी फोन करायचा तो पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवरून. रात्री ११ नंतर पाव दर लागे, म्हणून पावणेअकरापासून बूथबाहेर रांग लागे. काचेच्या कपाटातला माणूस बायकोशी काय बोलतो, ते रांगेतल्या सगळ्यांना ऐकू येई, आणि पुढच्या महिन्यात "मुलीचा ताप उतरला का हो?" अशी विचारपूस अनोळखी गृहस्थ करीत. समोर लाल आकडे पळत असत. त्या पळत्या आकड्यांसमोर आम्ही मुलीची, म्हणजे चिनूची, चाचणी परीक्षा, नळाचे पाणी, मामंजींचे पथ्य आणि भावजयीचा रुसवा, एवढे सगळे साडेतीन मिनिटांत बसवीत असू.

पुढे मोबाइल आला. मग दर उतरले आणि शेवटी बोलणे जवळजवळ फुकट झाले. आता कितीही वेळ बोलता येते. आमचे २०१८ मधले एक संपूर्ण संभाषण नमुन्यादाखल देतो: "जेवलात?" "हो. तू?" "हो." "बरं." संभाषणाची लांबी दराच्या सम प्रमाणात असते, हा आमचा तिसरा सिद्धांत. टीकाकारांच्या मते यात दराचा काही संबंध नाही. तोवर सगळे सांगून संपले होते, एवढेच.

आक्षेप

ग्रंथ येथे संपणार होता. समारोपासाठी आम्हांला एक भरीव आकडा हवा होता. म्हणून आम्ही जुन्या डीसीआरच्या कार्बन प्रती काढल्या, नमुन्यादाखल १९९४ हे वर्ष घेतले, आणि मुक्काम मोजले. ११८ रात्री भरल्या. आम्ही तो आकडा जरा मोठ्याने वाचला.

टीकाकारांनी गवारीची परात खाली ठेवली, माळ्यावर शिडी लावायला सांगितली आणि दोरीने बांधलेला एक गठ्ठा खाली काढवला. ती जुनी कालनिर्णये होती. हे कॅलेंडर १९७३ पासून निघते, आणि मागच्या पानावरच्या पाककृतींसाठी घरोघर जपून ठेवले जाते, अशी आमची समजूत होती. टीकाकारांनी ते पुढच्या पानासाठी जपले होते. प्रत्येक तारखेच्या चौकोनात दुधाचा हिशेब होता. आम्ही घरी असलो की '१'. फिरतीवर असलो की दोन उभ्या रेघा, म्हणजे अर्धा लिटर.

१९९४ चे अर्धे दिवस ९७ भरले.

२१ चा फरक होता. आम्ही प्रथम गवळ्याच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका उपस्थित केली. टीकाकारांनी जुलैतल्या एका गुरुवारावर बोट ठेवले. आमच्या डीसीआरनुसार त्या दिवशी आम्ही कणकवलीत नऊ डॉक्टरांना आणि दोन केमिस्टना भेटलो होतो. कॅलेंडरनुसार दूध एक लिटर, आणि खाली बारीक अक्षरात: 'घाट बंद. भजी.' दुधापुढे डीसीआर टिकत नाही. स्वप्न पाहणाऱ्या अर्ध्याबद्दलचा वाद येथे निकालात निघाला. कंपनीने एवढ्या वर्षांत आमच्यावर नजर ठेवायला जे जे मॅनेजर पाठवले, त्यांतल्या एकालाही आमच्या स्वयंपाकघराची भिंत पाहण्याचे सुचले नाही, हे आमचे सुदैव.

पण संशोधक एकदा पुराव्यापाशी आला की थांबत नाही. अर्ध्या लिटरच्या चौकोनांत दुधाखेरीजही मजकूर होता. 'गॅस संपला.' 'चिनू १०२.' 'मोटर जळाली.' 'मामंजी पडले, डॉक्टर घरी.' 'चिनूचं बक्षीस.' याउलट एक लिटरच्या चौकोनांत, ती भजी सोडली तर, बहुधा काहीच नव्हते. तीन वर्षांची कॅलेंडरे तपासली, प्रकार तोच. आम्ही ताबडतोब सिद्धांत मांडला की गृहस्थाचे घराबाहेर पडणे आणि सिलिंडर संपणे यांत कार्यकारणसंबंध आहे, आणि तो कसा असावा याबद्दल दोन पाने लिहिली.

टीकाकारांनी ती वाचली. "अहो, होतं ते रोजच होतं. तुम्ही घरी असलात की लिहून ठेवायला सवड कुठे असायची?"

दोन पाने रद्द केली आहेत.

उपसंहार

फिरतीच्या नोकरीला माणूस कसा सरावतो, हे शोधायला आम्ही निघालो. बटणे, बादली, खुंटी आणि फेस यांच्या साहाय्याने आम्ही कसे सरावलो, ते वर सविस्तर सांगितले आहे, आणि त्यात चूक काही नाही. फक्त सरावण्याचे मुख्य काम ज्या ठिकाणी चालले होते, तिथे आम्ही त्या वेळी नसू, त्यामुळे निरीक्षणे अपुरी राहिली. परिभाषेच्या प्रकरणात बाजूला ठेवलेला भत्त्याचा प्रश्न आता पुन्हा हाती घ्यायला हरकत नाही, पण थकबाकी ३१ वर्षांची आहे आणि हिशेबाची कागदपत्रे सगळी टीकाकारांच्या ताब्यात आहेत.

आता शेवटचा पुरावा. आम्ही ३० जून २०१९ रोजी निवृत्त झालो. तो रविवार होता. हार झाले, नारळ झाला, बॅग माळ्यावर गेली. दुसऱ्या दिवशी सोमवार. सकाळी उठलो, हात सावंतवाडीच्या बटणावर गेला, भिंत लागली. बाहेर येऊन बसलो. स्वयंपाकघरात पातेल्याचा आवाज झाला आणि मग बराच वेळ काहीच आवाज झाला नाही. सोमवार, म्हणून गवळ्याने सवयीने अर्धा लिटर घातले होते, आणि टीकाकारांनी ते सवयीने घेतले होते. चहा पुरेना. दोघांनी अर्धा अर्धा कप घेतला.

गठ्ठ्यातले २०१९ चे कॅलेंडर आम्ही सर्वांत शेवटी पाहिले. १ जुलैच्या चौकोनात दोन उभ्या रेघा आहेत. त्याखाली, जिथे एरवी गॅस, ताप आणि मोटर यांची नोंद असते, तिथे बारीक अक्षरात लिहिले आहे: 'हे घरी.'